पडलेल्याचं नाव

ते बोलताना माणसाच्या डोळ्यांत पाहत नसत. नजर कानाच्या वरून मागे कुठेतरी जायची, जणू तुमच्या पाठीशी तुमच्यापेक्षा महत्त्वाचं कोणी उभं आहे. वाहिनीतल्या लोकांनी त्याचा अर्थ गर्विष्ठपणा असा लावला होता. नवीन माणूस हमखास वळून बघायचा. पहिल्या दिवशी मीही बघितलं. मागे कॉफीचं मशीन होतं.

ते आइस हॉकीचे समालोचक होते. मिशिगनमधल्या एका मध्यम शहराचा व्यावसायिक संघ होता, देशातल्या सर्वांत मोठ्या लीगच्या एक पायरी खालचा. त्याचे घरच्या रिंकवरचे सामने एक स्थानिक वाहिनी दाखवायची आणि त्यावरचा आवाज वीसेक वर्षं यांचाच होता. चेहरा शहरात फारसा कोणाला माहीत नव्हता. दुकानात त्यांनी ब्रेड कुठे ठेवलाय म्हणून विचारलं, की मात्र दोन रांगा पलीकडची माणसं थांबून ऐकायची.

ज्या राज्यात गाड्या बनतात, तिथे राहून ते गाडी चालवत नसत. 'डॉक्टरने चालायला सांगितलंय' एवढंच सांगायचे. रिंकपासून जवळच एका अपार्टमेंटमध्ये एकटे राहायचे आणि बर्फ असो, वारा असो, पायी यायचे. सामन्याच्या चार तास आधी येऊन सरावाच्या वेळी कुंपणाला पाठ लावून उभे राहायचे. बर्फाकडे पाठ, डोळे मिटलेले. खेळाडू हसायचे. एखादा मुद्दाम त्यांच्या मागून जोरात घसरत जायचा आणि ते न वळता त्याच्या गावाचं नाव घेऊन म्हणायचे, "डावा स्केट धार मागतोय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

२००१च्या उन्हाळ्यात मी त्या वाहिनीत लागलो. आधी नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होतो, मग इथल्या विद्यापीठात पदवी घेतली. काम आकडेवारीचं आणि पडद्यावरच्या ग्राफिक्सचं. बसायची जागा समालोचन कक्षात, त्यांच्या डाव्या हाताला. मध्ये ते. उजवीकडे तज्ज्ञ म्हणून एक निवृत्त गोलरक्षक, ज्याचं नाक तीन ठिकाणी वाकलेलं होतं.

माइक बंद असताना ते कोणाचंही नाव घेत नसत. मी 'लेफ्ट', गोलरक्षक 'राइट', आणि खाली प्रक्षेपणाच्या ट्रकमध्ये बसलेला निर्माता म्हणजे 'खालचा'. कारण विचारलं तर म्हणायचे, "नाव माइकसमोर घ्यायचं. बाहेर घेतलं की झिजतं." राइटच्या मते त्यांना नावं आठवत नसावीत. ते खोटं होतं. समोरच्या संघातल्या राखीव खेळाडूच्या आजोळचं गावसुद्धा त्यांना पाठ असायचं.

त्यांच्या भीती अनेक होत्या आणि त्या ते लपवत नसत. आमच्या गोलरक्षकाने गोल खाल्ला नसेल, तर सामना संपेपर्यंत तसं म्हणायचं नाही, हा या धंद्यातला जुना संकेत. बहुतेक समालोचक तो गमतीने पाळतात. हे खरोखर पाळायचे. एकदा राइटच्या तोंडून ते निघून गेलं आणि पुढच्याच हल्ल्यात गोल बसला. त्यानंतर आठवडाभर त्यांनी राइटशी माइकबाहेर अवाक्षर काढलं नाही. माइकवर मात्र त्याच्याशी इतक्या आपुलकीने बोलत, की राइट घाबरला.

"ओरडला असता तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला. "हे प्रेम सहन होत नाही यार."

'यार' हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला होता.

कक्षात ते स्वतःचा टेबललॅम्प आणायचे. वाहिनीकडून त्यांनी भांडून एक मोठा मॉनिटर मिळवला होता, इतर कोणत्याही समालोचकाकडे असतो त्याच्या दुप्पट. तो ते नाकाजवळ ओढून घ्यायचे. ट्रकमधली मंडळी याला वयाचे नखरे म्हणायची.

मी लागल्यावर थोड्याच आठवड्यांत तो सप्टेंबर आला. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू झाला तेव्हा रिंकच्या दारावर नवे पहारेकरी होते. माझ्या गळ्यात वाहिनीचं ओळखपत्र असायचं, तरी बॅग टेबलावर उपडी केली जायची. लॅपटॉप चालू करून दाखवायचा. कुठला, किती वर्षं, कशासाठी. मागे रांग वाढायची आणि रांगेतली माणसं आधी बॅगेकडे, मग माझ्याकडे बघायची. तिसऱ्या सामन्याला हे चालू असताना मागून कोणीतरी माझं कोपर धरलं.

"हा माझा लेफ्ट आहे," ते पहारेकऱ्याला म्हणाले. "हा आत आला नाही, तर मी कोणाशी भांडू?"

पहारेकऱ्याने आवाज ओळखला. आम्ही आत गेलो. त्यानंतर प्रत्येक सामन्याला ते दारापाशी माझी वाट बघत थांबायचे, माझं कोपर धरायचे आणि आम्ही दोघे पहाऱ्यातून, अरुंद बोळातून, कक्षाच्या उंच लोखंडी जिन्यावरून वर जायचो. मी घरी बायकोला सांगितलं, म्हातारा चांगला आहे. ती म्हणाली, "आजोबांना एकदा जेवायला आण." ते कधी आले नाहीत. अनोळखी घरात त्यांना जेवण जात नाही म्हणाले.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या नियमाबद्दल. खेळाडू बर्फावर पडला आणि हलत नसेल, तर त्याचं नाव घ्यायचं नाही. तो हलेपर्यंत नाही. आधी घेतलं असेल तर पुन्हा घ्यायचं नाही. 'खेळाडू पडलाय, डॉक्टर निघालेत' एवढंच, आणि मग शांतता. टीव्हीवर शांतता महाग असते. निर्माते कानात ओरडतात. ते ढिम्म राहायचे. रीप्ले दाखवायचा नाही आणि कॅमेरा जवळ न्यायचा नाही, हेही त्यांनी खालच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

यामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, बर्फाच्या वादळात सामना लांबला तेव्हा. तरुणपणी ते मिनेसोटाच्या उत्तरेला एका खाणगावात रेडिओवर होते. एक खेळाडू पडला. त्यांनी नाव घेतलं आणि पुढे म्हणाले, 'हलत नाहीये'. दोन मिनिटांत तो उठला आणि नंतर त्याने गोलही केला. पण त्याची आई स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होती. 'हलत नाहीये' ऐकल्यावर ती घरातल्या सपातांवर बाहेर पडली आणि बर्फातून रिंकपर्यंत धावत आली. पोहोचली तेव्हा मुलगा हसत होता.

"तिने मुलाकडे बघितलं नाही," ते म्हणाले. "काचेतून माझ्याकडे बघत उभी राहिली. पायात एकच सपात होती." मग म्हणाले, "घरी कोणीतरी नेहमी स्वयंपाकघरात असतं, लेफ्ट. त्यांना चित्र दिसत नाही. त्यांच्याकडे फक्त मी असतो."

दुसऱ्या हंगामात डिसेंबरमध्ये माझा घसा बसला. आवाज अजिबात निघत नव्हता. बोळात ते समोरून आले, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले, माझ्या कानाच्या वरून पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "लेफ्टला पाहिलंत का? वर जायची वेळ झाली."

मी उत्तर देऊ शकत नव्हतो. नुसता उभा राहिलो. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. हात पुढे आला, माझ्या बाहीवरून कोपरापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"तूच आहेस," ते म्हणाले.

जिना चढताना त्यांनी सांगितलं. नजरेच्या मधोमध धुकं आहे. कडा शाबूत आहेत. म्हणून माणसाला पाहायचं तर त्याच्या बाजूला पाहावं लागतं. चेहरे गेले, आकडे गेले, पायऱ्यांच्या कडा गेल्या. हालचाल अजून दिसते. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, दिसत नाही, पण माणसं कुठे झेपावतात त्यावरून ती कुठे आहे ते कळतं. खेळाडू ओळखायचे ते गुडघे किती वाकतात, खांदा कोणता पुढे असतो, यावरून. वर पोहोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वर्षभर मी त्यांना या जिन्यावरून चढवत-उतरवत होतो. पहारेकऱ्यापासून ते मला वाचवत होते, हेही खोटं नव्हतं.

"खालच्याला कळलं, तर त्या दिवशी माझं संपलं," ते म्हणाले. "आणि नवा समालोचक आला, की आपला लेफ्ट घेऊन येतो. तुझे व्हिसाचे कागद या नोकरीवर आहेत ना?"

मी मान हलवली. मग त्यांना ते दिसणार नाही हे आठवून त्यांचा हात दाबला. ती धमकी नव्हती. वस्तुस्थिती होती, आणि ती दोघांची होती.

त्यानंतर आमची पद्धत बसली. हॉकीत पुढचे तिघे एकत्र खेळतात, त्या तिघांची एक फळी. संघात अशा चार फळ्या असतात आणि मिनिटाभराच्या आतच त्या बदलत राहतात, खेळ चालू असतानाच. काही जण कठड्यावरून उडी मारून उतरतात, काही बाहेर येतात. कोणती फळी बर्फावर आहे एवढं कळलं, की डावीकडचा कोण, मधला कोण, उजवीकडचा कोण हे त्यांना पाठ होतं. म्हणून मी टेबलाखाली त्यांच्या मनगटावर बोटाने ठोकायचो. दुसरी फळी उतरली, दोन ठोके. तिसरी उतरली, तीन. फळी पूर्ण बदलली की ठोकायचं, अर्धवट बदलात ठोकायचं नाही, नाहीतर गोंधळ होतो, असं आम्ही ठरवलं होतं. बाकीचं ते पायांच्या लकबीवरून जुळवायचे. राइटला ठोक्यांची कल्पना नव्हती. मी हात टेबलाखाली का ठेवतो, असं त्याने एकदा विचारलं. थंडी वाजते म्हणालो. नागपूरचा माणूस म्हटल्यावर त्याला पटलं.

तीन हंगाम हे चाललं. ते सोपं होतं असं वाचणाऱ्याला वाटू नये. प्रत्येक सामन्यानंतर ते विचारायचे, "किती चुकली?" मी सांगायचो. दोन. चार. एकदा सात. ते ऐकून मान खाली घालायचे आणि म्हणायचे, "खालचा काही बोलला?" तो अजून काही बोलला नव्हता.

मग मोठे चपटे टीव्ही आले आणि हाय डेफिनिशन आलं. पूर्वी घरी बसलेल्या माणसाला खेळाडूच्या पाठीवरचा आकडा अंधूक दिसायचा, त्यामुळे समालोचक सांगेल ते खरं. आता आकडाच काय, हनुवटीचे टाके दिसायला लागले. प्रेक्षकांचे ईमेल सुरू झाले. अठरा नंबरला तुमचा माणूस सोळा म्हणाला. खालचा ते ईमेल हसत वाचून दाखवायचा. एका जानेवारीत त्याने हसणं बंद केलं आणि नुसतं वाचून दाखवलं.

त्याच महिन्यात एका रविवारी नोव्हाय या उपनगरातल्या आमच्या घरी काही मंडळी जेवायला होती. गाड्यांच्या कंपनीत असलेला एक पुण्याचा मित्र म्हणाला, "तुमचा म्हातारा ढेपाळलाय हां. परवा त्याने बेंचवर बसलेल्या माणसाकडून गोल करवला. आणि तू काय करतोस रे शेजारी बसून? चहा?"

"ग्राफिक्स," मी म्हणालो.

"मग स्क्रीनवर टाक की, 'समालोचकाचं म्हणणं मनावर घेऊ नका'."

सगळे हसले. काकू, म्हणजे त्याची आई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला तो गृहस्थ आवडतो. मला खेळ कळत नाही, पण कोणी पडलं की तो गप्प बसतो. आपल्याकडे लगेच आरडाओरडा करतात."

पाहुणे गेल्यावर बायकोने भांडी आवरता आवरता विचारलं. तिला सगळं माहीत होतं.

"त्यांना काढलं तर?"

"नवा माणूस येईल."

"आणि आपण?"

"दुसरी नोकरी मिळाली तर राहू."

"आणि नाही मिळाली तर?"

आमची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आर वी मूव्हिंग?" दोघांनीही तिला नाही म्हणून सांगितलं.

२००६च्या फेब्रुवारीत एका रविवारी दुपारचा सामना होता. सकाळच्या सरावाला एक बाई बोळात भेटल्या. संघात महिन्याभरापूर्वी आलेल्या वीस वर्षांच्या खेळाडूच्या त्या आई. कॅनडाच्या गव्हाच्या पट्ट्यातून बसने आल्या होत्या. आमचा कप्तान पूर्वी मोठ्या लीगमध्ये खेळायचा, तेव्हा या नवख्याने त्याला लहानपणापासून टीव्हीवर पाहिलेलं होतं आणि तो हुबेहूब त्याच्यासारखा स्केटिंग करायचा. तोच वाकलेला गुडघा, तोच पुढे आलेला खांदा. खेळाडू त्याला कप्तानाची झेरॉक्स म्हणायचे. दोघेही उजव्या बाजूला खेळायचे, कप्तान दुसऱ्या फळीत, नवखा तिसऱ्या.

"मी रिंकवर येणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या अपार्टमेंटवरच थांबते. टीव्ही लावते आणि स्वयंपाकघरात जाते. मला बघवत नाही. ऐकते फक्त."

"ऐका," ते म्हणाले. "मी आहे."

त्या वेळी कप्तानाच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि ती घरीच होती. हे रिंकवर सर्वांना माहीत होतं.

तिसऱ्या सत्रात दुसरी फळी बर्फावर होती. मी दोन ठोके दिलेले होते. फळी बदलायला लागली. कप्तान सर्वांत आधी दमून बेंचकडे वळला आणि कठड्यावरून आत गेला. त्याच्या जागी नवखा उतरला आणि एकटाच पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाला. बाकीचे दोघे अजून दुसऱ्या फळीचेच होते. बदल अर्धा झाला होता. ठरल्याप्रमाणे मी ठोकलं नाही.

त्यांना उजव्या बाजूने एक माणूस जाताना दिसला असणार, गुडघा वाकलेला, खांदा पुढे. त्यांनी कप्तानाचं नाव घेतलं. पूर्ण, नाव आणि आडनाव. त्याच क्षणी समोरच्या संघातल्या बचावपटूने मागून धडक दिली आणि नवख्याचं डोकं कुंपणावर आपटलं. तो आवाज वर कक्षापर्यंत आला. तो उताणा पडला आणि तसाच राहिला.

"खेळाडू पडलाय," ते म्हणाले. "डॉक्टर निघालेत."

आणि गप्प झाले. राइट गप्प झाला. सगळं रिंक गप्प झालं. पडलेल्याभोवती दोन्ही संघांचे खेळाडू वाकून उभे होते, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यात फक्त त्याचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

कानात खालच्याचा आवाज आला. "कॅप्टन आहे? नक्की कॅप्टन? टीमच्या ऑफिसात त्याच्या बायकोचा फोन आलाय. ती रडतेय. नक्की सांगा कोणीतरी."

मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. ठोके नव्हे, नुसतं धरलं. त्यांच्यासमोर एक बटण असतं, खोकला आला तर दाबायचं; दाबलेलं असेपर्यंत माइक बंद राहतो. त्यांनी ते दाबलं.

"तो कप्तान नाही," मी म्हणालो. "नवखा आहे. कप्तान बेंचवर उभा आहे."

"मी कप्तान म्हणालो."

"हो."

"हलतोय का?"

"नाही."

राइटलाही तोपर्यंत दिसलं होतं. त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरात नवख्याचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. समालोचक सामन्यात दोन-चार वेळा चुकतोच. 'दुरुस्ती, तो अमुक आहे' म्हणायचं आणि पुढे जायचं, कोणी काही विचारत नाही. कप्तानाच्या बायकोला धीर मिळाला असता. त्यांचं डोळ्यांचं गुपित राहिलं असतं, आणि माझे कागदही. फक्त त्या अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला आपल्या मुलाचं नाव ऐकू गेलं असतं.

आणि नुसतं 'तो कप्तान नाही' म्हणून थांबले असते, तर पुढचा प्रश्न खालच्याने विचारलाच असता: मग कोण? दिसतंय ना तुम्हाला?

त्यांनी कागदावर तळहात ठेवला. बटणावरचं बोट उचललं.

"मघाशी मी एक नाव घेतलं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "ते चुकीचं होतं. तो खेळाडू बेंचवर उभा आहे, त्याला काही झालेलं नाही. घरी जे कोणी त्याच्यासाठी ऐकत असतील, त्यांनी खुर्चीवर बसावं, पाणी प्यावं."

तळहाताखालचा कागद त्यांनी उलटा केला.

"बर्फावर कोण आहे ते मी सांगणार नाही. मला दिसत नाहीये. इथून दिसत नाही असं नाही. माझे डोळे गेलेत. बरेच दिवस झाले. म्हणून ही चूक झाली."

खालच्याने कानात "काय?" एवढंच म्हटलं. राइटने त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग माझ्या टेबलाखालच्या हाताकडे.

"लेफ्ट," ते म्हणाले. माइक उघडाच होता. "हलतोय का तो?"

माझ्यापुढे माइक नव्हता. प्रक्षेपणात बोलणं माझं काम नव्हतं आणि तशी वेळही कधी आली नव्हती. त्यांनी आपल्या तोंडापुढचा माइक धरून माझ्याकडे वळवला.

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टर पोहोचलेत. त्यांनी मान दोन्ही हातांनी धरली आहे."

"आता?"

"नाही."

"लोक काय करतायत?"

"उभे आहेत. सगळे."

"आता?"

"नाही. स्ट्रेचर आलंय. अजून उचललेलं नाही."

प्रत्येक 'नाही' घराघरांत जात होता, हे मला कळत होतं. त्यातलं एक घर ते होतं. मी खोटं बोललो असतो, तर त्यांना कळलं नसतं. त्यांनी तो प्रश्न मला विचारावा इतका विश्वास टाकला होता, आणि त्या क्षणी मला त्या विश्वासाची इतर कशाहीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

"आता?"

"डावा पाय," मी म्हणालो. "गुडघ्यातून."

"नक्की?"

"परत हलवला. आता उजवा. हात वर केलाय."

त्यांनी माइक स्वतःकडे वळवला आणि नवख्याचं नाव घेतलं. नाव, आडनाव, आणि तो ज्या गावचा होता त्या गावाचं नाव. "त्याने दोन्ही पाय हलवलेत," ते म्हणाले. "हात वर केलाय. त्याच्या आईने ऐकावं. तो जागा आहे."

नवख्याच्या मानेला मार बसला होता. पुढच्या हंगामात तो पुन्हा खेळला. वाहिनीने त्या आठवड्यातच दुसरा समालोचक आणला आणि तो आपला माणूस घेऊन आला. मला मुदत संपायच्या आत नोव्हायमधल्या एका कंपनीत डेटाचं काम मिळालं. त्यासाठी राइटने दोन फोन केले होते.

पण तो सामना अजून संपलेला नव्हता. बर्फ साफ झाला आणि खेळ सुरू झाला. खालचा त्यांना थांबवेल, असं मला वाटलं. त्याने थांबवलं नाही. उरलेला वेळ ते प्रत्येक नावाआधी विचारत होते, उघड्या माइकवर, "कोण, लेफ्ट?" आणि मी सांगत होतो, आणि मग ते नाव आपल्या आवाजात घेत होते. मिशिगनच्या त्या भागातल्या लोकांनी त्या दुपारी असं ऐकलं, की एक माणूस पुटपुटतोय आणि दुसरा त्याचं बोलणं खरं करतोय.

सामना संपल्यावर आम्ही जागचे उठलो नाही. जिन्यावर पावलं वाजली. निर्माता वर आला. तो सामन्याच्या दिवशी कधी वर येत नसे. दारात उभा राहिला.

त्यांनी त्याच्या दिशेला तोंड वळवलं. या वेळी नजर बाजूला नेण्याची धडपड केली नाही.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

निर्मात्याने स्वतःचं नाव सांगितलं.